कैलासवासी वर्गणीदार

माझी पोरगी गेम बनवते, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते. बँकेत, दवाखान्यात, भाजीवालीला, सगळ्यांना. ते साफ चूक निघालं. एक दिवस मीच वैतागून तिला म्हटलं, "अव, एवढं घासून राह्यली, एखादी गेम दाखव तरी!"

"गेम नाही व आई," ती म्हणाली. "गेम बनवणारे असतेत न, त्याईच्यासाठी औजार बनवून राह्यली मी."

"म्हणजे तू विळा बनवणार अन् कापणी दुसरेच करणार?"

"हाव."

"मंग विळा विकणार?"

"नाही. फुकट देणार."

"फुकट!"

"लिनक्सवर असंच असते आई. एकानं बनवायचं, सगळ्याईनं वापरायचं. ज्याले वाटलं त्यानं सुधारायचं."

"अन् पोटाचं काय?"

"लोकाईले पैसे मागणार."

"कायचे? विळा तर फुकट म्हणते!"

"विळा बनवायचे."

आता सांगा. छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. ज्या पोरांना हातचा घेणं समजत नव्हतं त्यांना चिंचोके मांडून समजावलं. न समजणाऱ्याचा मला भयंकर राग यायचा, खोटं कशाला बोलू. आणि आता माझ्याच स्वयंपाकघरात, माझीच पोरगी तीनतीनदा समजावून सांगत होती आणि माझ्या डोक्यात काही म्हणता काही शिरत नव्हतं. तिला राग येत नव्हता, याचा मला जास्त राग येत होता.

मला जेवढं कळलं तेवढं सांगते. कम्प्युटर चालू केला की त्याच्या आत एक व्यवस्था जागी होते, बाकी सगळं तिच्या जिवावर चालतं. बहुतेकांच्या कम्प्युटरात विकतची असते. लिनक्स ही बिनविकतची, जगातल्या लोकांनी मिळून केलेली. गेम बनवणाऱ्यांना गेममधली जमीन काढावी लागते: रस्ते, झाडं, भिंती, पाणी. चौकटीला चौकट जोडून ती काढतात. विकतच्या व्यवस्थेवर त्यासाठी औजारं आहेत ढीगभर. लिनक्सवाल्यांकडे आहेत ती म्हणे तिच्या मनासारखी नव्हती, म्हणून ती नवं करत होती. तिनं मला दाखवलंही. पडद्यावर एक गोल तळं होतं, भोवती उतार, उतारावर झाडी आणि एक देऊळ.

"हे लोणार हाये का व?"

"हाव. नमुन्याले काढलं."

"मंग याच्यात खेळायचं काय?"

"काहीच नाही आई. हा नुसता नकाशा हाये."

म्हणजे दोन वर्षांत एक तळं. तेसुद्धा आपल्या घरापासून तासाभरावर आहे तेच. मी "छान आहे" म्हटलं आणि भाजी टाकायला गेले.

ती पुण्याला नोकरी करायची. घरून काम सुरू झालं तेव्हा मेहकरला आली आणि इथंच राहिली. तिचे वडील एसटीत वाहक होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मधली कितीतरी वर्षं मी या घरात एकटी होते, आणि एकटेपणाची सवय होते असं जे म्हणतात ते खोटं बोलतात. ती आल्यावर मी पुन्हा दोन वेळा भाजी करायला लागले. दारात दुसरी चप्पल दिसली की मला बरं वाटायचं. दिवसा ती कंपनीचं काम करायची, उरलेल्या वेळात हे औजार. मग कंपनीनं पत्र पाठवलं: घरून काम पुरे, महिनाअखेर ऑफिसात हजर व्हा.

त्याच आठवड्यात तिनं ते क्राउडफंडिंग सुरू केलं. हा शब्द मी पहिल्यांदा "क्राउन फंडिंग" असा ऐकला आणि राजाकडून काही मिळतंय की काय असं मला वाटलं. परदेशातली कुठलीशी वेबसाइट. तिथं आपलं काम मांडायचं, एवढे पैसे लागतात असं लिहायचं आणि मुदत टाकायची. जगातला कोणीही माणूस आपला आकडा टाकू शकतो.

"म्हणजे वर्गणी," मी म्हटलं.

"हाव, वर्गणीच समज."

"तसं सांग न मंग! उगी इंग्रजी झाडून राह्यली."

पण वर्गणीसुद्धा नव्हती ती सरळ. आकडा टाकला तरी पैसा लगेच कापला जात नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ठरलेली रक्कम पूर्ण भरली तरच सगळ्यांचे पैसे कापणार. एक रुपया जरी कमी पडला तरी कोणाचेच नाही. सप्त्याची वर्गणी कमी पडली म्हणून कोणी सप्ता रद्द करून पैसे परत वाटले, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. वर्गणी कमी पडली की पुरणपोळीच्या जागी बुंदी होते, एवढंच. पण तिकडे तसं नाही म्हणाली.

"जमले तर वर्षभर नोकरी नाही करा लागत मले," ती म्हणाली. "नाही जमले तर महिनाअखेर पुण्याले हजर."

हे वाक्य मात्र मी नीट ऐकलं. जमले तर पोरगी घरी, नाही जमले तर पुण्याला. लिनक्स गेलं उडत. मला पोरगी घरात पाहिजे होती, आणि त्या वेबसाइटवरचा आकडा वर गेला तर ती राहणार होती. एवढं सोपं गणित मला पुष्कळ दिवसांनी मिळालं होतं.

पहिला आठवडा आकडा बरा चढला. मग थांबला. ती सकाळी उठल्याबरोबर तोंड धुवायच्या आधी मोबाइल बघायची आणि पालथा ठेवायची. मी विचारायचे, "किती झाले?" ती म्हणायची, "कालच्याइतकेच." दुपारी पुन्हा विचारायचे. जेवताना विचारायचे. एकदा ती म्हणाली, "आई, तू इचारल्यानं वाढत नाहीत ते." ताटात तिनं भाकरीचा कसा चुरा केला होता ते मी बघत होते. अर्धी मुदत संपली आणि अर्धेही जमले नव्हते.

मग मी ठरवलं, जगाकडून होत नसेल तर बीबी गावाकडून होईल.

बीबीच्या शाळेत मी अठरा वर्षं होते. तिथं दोन पिढ्या मला "बाई" म्हणतात. माझ्यासोबत एक गुरुजी होते, तेही आता निवृत्त. शाळेचे पंखे, पाण्याची टाकी, कुंपणाची भिंत, सगळं त्यांनीच गावातून वर्गणी काढून केलं होतं. वर्गणी मागायला लागणारा निर्लज्जपणा आणि सोज्वळ चेहरा, दोन्ही त्यांच्याकडे आहे. पोरीला "मैत्रिणीकडे जाते" असं सांगून मी बसमध्ये बसले.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे गेमची वर्गणी," ते म्हणाले.

"गेम नाही हो गुरुजी. गेम बनवणाऱ्याईचं औजार."

"मंग त्याईनं द्यावी न वर्गणी."

"त्याईनंच द्यायची हाये, पण ते देऊन नाही राह्यले!"

 गुरुजींनी टोपी घातली आणि म्हणाले, "चला बाई. आपल्याले समजलंच पाहिजे असं थोडंच हाये."

आम्ही घरोघर फिरलो. काय मागतोय ते आम्हा दोघांनाही धड माहीत नव्हतं, त्यामुळे दर घरी वेगळं सांगितलं गेलं. एका घरी वाटलं, मी कम्प्युटरची शिकवणी काढतेय. एका घरी वाटलं, पोरीचं लग्न ठरलं आणि मला सांगायला लाज वाटतेय. तिथल्या बाईनं मला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा, "पाहुणे कुठचे हायेत?" एक म्हातारे शेतकरी ओट्यावर बसले होते. त्यांना गुरुजी म्हणाले, "बाईच्या पोरीनं औजार काढलं. जगात असं नाही कुठं."

"औजार? पेरणीचं का निंदणीचं?"

"पेरणीचं," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे. पण पडद्यावर ती चौकटीत झाडं लावायची तेव्हा मला पेरणीच आठवायची, तेवढं खरं.

म्हाताऱ्यांनी बंडीच्या खिशातून नोट काढली. मी वही उघडली आणि विचारलं, "नाव काय लिहू, तुमचंच न?"

"माहं कायले? बापाच्या नावानं लिहा. स्मरणार्थ."

आमच्याकडे ही रीतच आहे. जिवंत माणसानं स्वतःच्या नावानं दिलं तर लोक म्हणतात, मिरवून राह्यला. म्हणून शाळेतल्या पंख्यावर, देवळाच्या पायरीवर, स्मशानातल्या बाकावर सगळीकडे गेलेल्यांची नावं असतात. म्हाताऱ्यांनी बापाचं सांगितलं, त्यांच्या शेजाऱ्यानं आईचं. मग सगळ्या गावानं तेच धरलं. कोणी मागच्या वर्षी गेलेल्या सुनेचं नाव दिलं आणि पदर डोळ्याला लावला. गुरुजींनी स्वतःच्या आईचं दिलं. आमच्याकडे कैलासवासी लिहितात, त्यांच्या बौद्ध समाजात कालकथित. मी दोन्ही नीट लिहून घेतलं. चुकीचं लिहिणं माझ्या हातून होत नाही. शेवटी वहीत मी माझ्या मालकांचं नाव लिहिलं. एकूण एकतीस झाले, आणि एकतीसच्या एकतीस मेलेले. त्या क्षणी मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट भरून आलं.

मेहकरला बसस्टँडजवळ एक ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. चालवणारी बाई चटपटीत. पीकविमा, पेन्शन, प्रवेश, काय वाटेल तो फॉर्म भरते. मी तिच्यासमोर वही ठेवली. तिनं वेबसाइट बघितली.

"कार्ड लागते बाई. अन् दर माणसाचा ई-मेल."

"यांचे ई-मेल कुठले?"

"काढते न मी. म्हाताऱ्याईचे मीच काढत असते पेन्शनीले. पासवर्ड सगळ्याईचा एकच ठेवते, इसरत नाही." कार्डही तिनं स्वतःचं लावलं. पैसे कापले जातील तेव्हा द्या म्हणाली, म्हणून रोकड माझ्याकडेच राहिली. ती एवढ्या भराभरा टाइप करत होती की मी नुसती बघत बसले. तासाभरात तिनं एकतीस मेलेल्यांचे ई-मेल काढले. त्यांच्या हयातीत त्यातल्या निम्म्यांकडे साधा फोन नव्हता.

घरी आले तर पोरगी दारातच उभी. डोळे चमकत होते.

"आई! वाढले! एका दुपारात एकतीस लोक आले!"

"असं?" मी चप्पल काढत म्हटलं. 

"अन् सांगू का? जर्मनीचे हायेत!"

 मी म्हटलं, "जर्मनीचे कसे?"

तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. त्या वेबसाइटवर माणसाचं पहिलं नाव आणि आडनावाचं एकच अक्षर दिसतं. दुकानवाल्या बाईनं पहिल्या रकान्यात वहीतला पहिला शब्द टाइप केला होता. वहीत पहिला शब्द होता 'कै.'. इंग्रजीत तिनं तो Kai असा लिहिला होता. Kai B., Kai D., Kai S., अशी ओळीनं रांग. 'कालकथित' तिला लांबलचक वाटलं असणार, तिथं नुसतं Kal लिहिलं होतं.

"काई हे तिकडचं नाव हाये आई," पोरगी म्हणाली. "जर्मनीत, डेन्मार्कात असतेत असे. एखाद्या ग्रुपनं उचललेलं दिसते माझं काम. पण एवढे सगळे काईच कसे, तेच समजून नाही राह्यलं."

मला तर सगळं समजत होतं. ते रांगेतलं शेवटचं नाव तुझ्या बापाचं आहे, असं मी सांगायला तोंड उघडलं. पण ती हसत होती. किती दिवसांनी हसत होती! तिनं स्वतःहून जेवायला वाढून घेतलं, दोन भाकरी खाल्ल्या, आणि मला विचारलं, "तू कुठं गेली होती व, मैत्रीण कशी हाये?" मी म्हटलं, बरी हाये. मी काय केलंय ते चांगलं की वाईट हेच मला कळेना. पैसा खरा होता. माणसंही खरी होती, फक्त हयात नव्हती. मग खोटं काय होतं त्यात? मी मनाशी हाच हिशोब परतपरत करत राहिले आणि दर वेळी उत्तर वेगळं येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्या वेबसाइटवर जर्मन मित्रांचे आभार मानले. जर्मन भाषेत मानले, शब्दकोश बघून. तिथं एक खराखुरा जर्मन माणूस होता, त्यानं पहिल्याच दिवशी आकडा टाकलेला. त्यानं खाली विचारलं, हे काई लोक कोणत्या गावचे, सगळे एकाच दुपारी कसे आले? त्याला कोणी उत्तर दिलं नाही. कोण देणार? त्यानं वेबसाइटवाल्यांना कळवलं. दोन दिवसांनी पोरीला पत्र आलं. एकतीस जण, कार्ड एक, कम्प्युटर एक. यांना आम्ही ई-मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. या माणसांची ओळख पटवा.

ती ओट्याजवळ येऊन उभी राहिली. "आई," ती म्हणाली, "कार्ड मेहकरचं हाये म्हणतेत."

मी गॅस बंद केला आणि सगळं सांगितलं. बीबी, गुरुजी, पेरणीचं औजार, वही. ती ऐकत होती. मी कै. म्हणजे काय ते सांगितलं तेव्हा तिनं मोबाइल उघडून ती रांग पुन्हा बघितली, वरपासून खालपर्यंत.

"याच्यात बाबा कोणते?"

"रांगेत शेवटचे."

ती हसायला लागली. "बाबा जर्मन झाले न आई," म्हणाली, आणि हसताहसता जमिनीवर बसली, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो हळूच काढला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी ओरडणारी बाई आहे, मला ओरडण्याला उत्तर देता येतं.

तिनं वेबसाइटवाल्यांना खरं ते लिहिलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं देणगी देतात, पैसे जिवंत माणसांचेच आहेत. त्यांना ते समजलं नाही. मला त्यांचा राग आला, पण मग आठवलं, त्यांचंही मला काहीच समजलं नव्हतं. नियमाप्रमाणे त्यांनी तिचं पान बंद केलं. एकतीस जणांबरोबर बाकीचे खरे लोकही गेले, ज्यांनी तिचं तळं बघून, तिचं काम ओळखून आकडे टाकले होते. जाताना एकानं लिहिलं, हिनं खोटी माणसं उभी केली. तिनं ते मला मराठीत करून वाचून दाखवलं, आवाज न चढवता. छत्तीस वर्षांत मी कधी हजेरीत खोटं नाव लावलं नाही, आणि माझ्यामुळे पोरीला हे ऐकावं लागलं. मला इतकी शरम वाटली की मी त्या दिवशी तिच्यासमोर बसू शकले नाही.

रोकड परत करायला मी बीबीला गेले. एकाही घरानं घेतली नाही. म्हातारे शेतकरी तर चिडलेच. "बापाच्या नावानं काढलेला पैसा घरात परत घेऊ? बाई, तुमीच शिकवलं न आमच्या पोराईले?" एका बाईनं घाबरून विचारलं, "आमच्या घराचं काही चुकलं का?" कारण वर्गणी परत येते ती वाळीत टाकलेल्या घराची. मी समजावत सुटले, वेबसाइट, नियम, मुदत, कार्ड. त्यांचे चेहरे अगदी माझ्यासारखे झाले. गुरुजी म्हणाले, "बाई, राहू द्या. त्याईनं कोणाले दिले? तुमच्या पोरीले दिले. तिलेच देऊन टाका."

घरी आले तर तिची बॅग उघडी होती. कपडे घड्या घालून पलंगावर. उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला.

मी पैशाची पिशवी पलंगावर ठेवली आणि माझा बांध फुटला. म्हटलं, "माहंच चुकलं. तू इथं राहशील म्हणून केलं मी हे सगळं. त्या लोकाईले मी औजारासाठी म्हणून मागितलं, पण मले औजाराचं काय? मी माह्यासाठी मागितलं. पैसे जमले असते तर तू राह्यली असती इथं. मीच घालवलं."

तिचा हात घडीवर थांबला. "इथं?"

"मंग! तूच म्हटलं न, जमले तर वर्षभर नोकरी नाही."

"नोकरी नाही म्हटलं मी आई. इथं राहीन कवा म्हटलं?"

मी पलंगाच्या कडेला टेकले.

"बंगळुरूले जाणार होतो आम्ही," ती म्हणाली. "मी अन् अजून दोघीजणी. तिथं एक खोली पाह्यली होती. तिघी मिळून हे पुरं करणार होतो. जमले असते तर याच महिन्यात गेली असती मी. पुण्याहूनही लांब."

"मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"तू रोज इचारलं किती झाले. कुठं जाशील, हे एकदाही नाही इचारलं."

मला राग आला, आधी तिचा, मग माझा, मग कोणाचा ते समजेना. म्हणजे मी गावभर हात पसरून, गेलेल्या माणसांना उठवून, हिला आणखी लांब पाठवायची वर्गणी गोळा करत होते. आणि ती बुडाली म्हणून रडत होते. यात मी जिंकले का हरले, हे कोणी मला चिंचोके मांडून समजावून सांगायला पाहिजे होतं.

मग मी पिशवी उचलली आणि तिच्या बॅगेत, कपड्यांच्या वर ठेवली. "घेऊन जा," मी म्हटलं. "लोकाईनं औजारासाठी दिले. तू माह्याजवळ राहावं म्हणून नाही दिले कोणी. कुठंही बसून पुरं कर."

 पिशवी तिनं काढली नाही. मी डोळे पुसले आणि जो प्रश्न दोन वर्षं मला सुचला नव्हता तो विचारला. "तुले इथं काऊन नाही राहायचं व? खरं सांगजो."

तिला सांगायचं नव्हतं, ते दिसत होतं. पण तिनं सांगितलं.

"मी कामाले बसली का तू अर्ध्या अर्ध्या तासानं येते. चहा घे, बिस्कुट घे, झालं का, किती झालं. मी उत्तर देऊन पुन्हा तिथंच येते तर सगळं इसरलेलं असते. दोन वर्षांत तो एक नकाशा झाला आई. एकच. तू चांगली हायेस, म्हणून तुले सांगता नाही आलं."

लिनक्स म्हणजे काय, गेमच्या आधी औजार कशाला लागतं, फुकट वस्तूला पैसे का मागतात, हे मला अजूनही कोणी विचारलं तर धड सांगता येणार नाही. पण ही एक गोष्ट तिनं एकदाच सांगितली आणि मला पूर्ण समजली. मी तिच्यासाठी चहा ठेवायला उठले होते. तशीच खाली बसले.